वर ठेवलेला आवाज

४ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गळ्याची जखम भरली, गिळताना त्रास नाही. आवाज गेला तो गेलाच. काही हवं असलं की मी पातेल्यावर चमचा वाजवते आणि तुझे काका येतात. मी बोलत होते तेव्हा तीन हाका माराव्या लागायच्या, हे तू जाणतेसच.

लिहायचं कारण वेगळं आहे. ऑपरेशनआधी मी यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली होती, ती सगळी गेली. संध्याकाळी हे इस्त्री करायचे आणि मी मोठ्याने वाचायचे. ती सवय मोडू नये म्हणून तेवढा खटाटोप केला होता. पुढे कॉम्प्युटर भरल्याचं पडद्यावर येऊ लागलं. यांना वाटलं, वर क्लाउडमध्ये एक प्रत आहेच, खाली दुसरी कशाला. फोल्डर रिकामं करून टाकलं. मग रविवारी, तू चिकटवलेल्या चिठ्ठीवरची, वर प्रत पाठवायची ओळ कॉम्प्युटरच्या त्या काळ्या खिडकीत एका बोटाने टाइप केली, दर रविवारी करतात तशी. आता वरही काही नाही.

या गोष्टीला दोन महिने होऊन गेले. मला काल कळलं. इस्त्री गार पडली होती आणि हे नुसतेच उभे होते, तेव्हा कागदावर लिहून खोदून विचारलं. तुला कळवू नको असं त्यांनी बजावलं आहे. काही करता येतं का बघ.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी काकू

१२ फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. काकांना बोल लावू नकोस, चूक माझी आहे. त्या ओळीत दोनपैकी एक आज्ञा घालता येते. एक आज्ञा खालचं नवं तेवढं वर नेऊन ठेवते, वरच्या जुन्याला हात लावत नाही. दुसरी वरचं हुबेहूब खालच्यासारखं करते; खाली जे नाही, ते वरूनही पुसते. मी दुसरी घातली, कारण वर पसारा नको, हा माझा नेटकेपणा. हा फरक काकांना समजावून सांगायला दहा मिनिटं पुरली असती, पण चिठ्ठी चिकटवली तेव्हा दारात टॅक्सी उभी होती.

कंपनीकडे विचारलं. पुसलेलं ते महिनाभर जपून ठेवतात, पुढे नाही. म्हणजे काकांनी तेव्हाच सांगितलं असतं तर मिळालं असतं. हे मात्र त्यांच्या कानावर घालू नकोस.

माझ्या लॅपटॉपवर एकच तुकडा सापडला. ओळ नीट चालते का हे बघायला मी त्या दिवशी नमुना म्हणून घरातलं बोलणं टिपलं होतं. त्यात वाचन नाही. तू मला एक दिवस राहा म्हणतेस, मी पुढच्या वेळी म्हणते, आणि मग तू काकांना हाक मारून सांगतेस, की ही निघाली, बाहेर या. पुढच्या वेळेपर्यंत तुझा आवाज राहिला नाही, काकू. तुकडा तुझ्या फोनवर पाठवला आहे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी
घाईबाई

२० फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

रागवायला आवाज कुठे आहे मला? आणि राग असलाच तर तो माझा माझ्यावर आहे. ऑपरेशनआधीचे ते दिवस मी खोलीचं दार लावून मशीनपुढे वाचत बसले, मध्ये आवाज येतो म्हणून यांना आत येऊ दिलं नाही. पलीकडे हे एकटेच इस्त्री करत होते. पुढची बेगमी करायच्या नादात हातातल्या संध्याकाळी घालवल्या. तेवढ्या संध्याकाळी यांच्यासमोर बसून वाचलं असतं तर बरं झालं असतं.

तुझा तुकडा ऐकला. मंगळवारी मला गंमत सुचली. हे मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. चमच्याऐवजी मी फोनवर तो तुकडा लावला, हाकेपासून पुढचा. हे आलो आलो म्हणत, पहिल्याच हाकेला आले. हातात ओला शर्ट. दारात त्यांनी मला पाहिलं, फोन पाहिला, आणि तिथेच खाली बसले. शर्टाचं पाणी फरशीवर निथळत राहिलं. मी शेजारी जाऊन बसले. परत लाव असं ते म्हणाले नाहीत आणि मीही लावला नाही.

तू ये. पुढच्या वेळी नको, याच वेळी ये, आणि टॅक्सी परत पाठव. काकांना तो फरक समजावून सांग, आता उपयोग नसला तरी. ती चिठ्ठी त्यांनी अजून काढलेली नाही.

मी पुन्हा चमचाच वाजवते. हे लगेच येतात, पण आलो म्हणत नाहीत.

लोभ असेल तर येऊन दाखव.
तुझी काकू