घर न नेता गेलेली

प्रिय एउदो,

आपल्या गावचा अलिरिओ परवा तिकडे निघतोय, त्याच्या आईला बघायला. त्याच्या हाती हे पाठवते. तो म्हणाला, फोन का करत नाहीस? करते की! पण फोन लागावा म्हणून तू होडी वल्हवत पार उघड्या तळ्यापर्यंत जातोस आणि तिथं पोचून गप्प बसतोस. मला नुसतं पाणी ऐकवतोस. मग मीच बडबडते, मीच चिडते आणि मीच ठेवून देते. कागदावर निदान तुला मध्ये गप्प बसता येणार नाही. मागच्या खेपेला तू एकच विचारलंस, कधी येतेस. त्याचं उत्तर यात आहे, पण शेवटी आहे. आधी शेवट बघू नकोस. तुझी खोड मला ठाऊक आहे, ताटातलं आवडीचं आधी खाऊन मोकळा होतोस आणि मग माझ्या ताटाकडे बघत बसतोस.

इथं सकाळ होत नाही रे. पांढरं होतं, एवढंच. समुद्रावरून धुकं येतं आणि अख्ख्या लीमा शहरावर बसतं, घरं जातात, रस्ते जातात, समोरच्या माणसाचे पायसुद्धा जातात. इथली माणसं म्हणतात, आमचं आभाळ म्हणजे गाढवाचं पोट. खरंच आहे. मोठं थोरलं गाढव उभं आहे आणि आम्ही सगळे त्याच्या पोटाखाली बाजार मांडून बसलोय. पाऊस म्हणून पडत नाही. वीज तर यांनी बघितलेलीच नाही. मी जिच्याकडे उतरले त्या योलैदाच्या पोरींना सांगितलं की आमच्या तळ्यावर रोज रात्री विजा नाचतात, आवाजसुद्धा करत नाहीत, आम्ही त्या उजेडात जाळी विणतो, तर त्या म्हणाल्या, मावशी फेकते. आल्या आल्या कितीतरी रात्री मी डोळे मिटून पडायची आणि वाट बघायची. पापणीच्या आतून लाल व्हायचं ना आपल्याकडे, तसं होईल म्हणून. काळंच राहायचं. मला वाटायचं, मी आंधळी झालेय.

आणि ही जमीन. जमीन हलत नाही, एउदो. तुला हसू येईल, पण मला उलटी यायची. योलैदानं तिच्या खोलीत माझ्यासाठी गादी टाकली होती. मी गादी गुंडाळून ठेवली आणि खिडकीच्या गजाला नि दाराच्या कडीला झोळी बांधली. दार उघडायचं म्हटलं की मला उतरावं लागायचं. योलैदा म्हणायची, "बाई आहेस की वटवाघूळ?" तरी झोळी मीच हलवावी लागायची. पायानं भिंतीला रेटा द्यायचा, डोळा लागला की पाय थांबायचा, पाय थांबला की जाग यायची. माझं आपल्या घरातलं झोपणं तुला आठवत असेल. खाली पाणी खांबांना चाटत असायचं, फळ्या कुरकुरायच्या, तू होडी बांधून वर चढलास की सगळं घर एकदा तुझ्या बाजूला कलायचं. मी झोपेतच ओळखायची, आला.

कामाचं काय सांगू. तीन घरची भांडी घासली. एका म्हातारीला सांभाळलं, ती मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची आणि पोरपणी तिची रिबीन मी चोरली म्हणून शिव्या द्यायची. मी शेवटी रिबीन आणून दिली, तर म्हणाली, ही ती नव्हे. चौकात उभी राहून कॉफी विकली. एक बाई कॉफी पिऊन वर मला सांगते, "तुम्ही लोक परत जा आपल्या देशात." मी म्हटलं, "जाते बाई, आधी पेला तर दे." कुठंही गेलं की विचारायचे, काय येतं तुला? मला मासा येतो. दुसरं काय येणार? पण शहरात हे कुणाला सांगायचं? मग एकदा असंच चालत निघाले, उतारानं खाली खाली, धुक्यात काही दिसत नव्हतं, आणि नाकाला वास आला. तुला सांगते, मी रडले नाही, पण पाय आपोआप भराभर पडायला लागले. तो चोरियोसचा धक्का होता. होड्या लागल्या होत्या, बायका सिमेंटच्या ओट्यांमागं उभ्या राहून मासे साफ करत होत्या आणि त्यांच्या पाठीशी पेलिकन पक्षी ओळीनं उभे होते, शाळेची घंटा व्हायची वाट बघत असल्यासारखे.

तिथल्या एका ओट्यावर दोमितिलाबाई बसतात. सत्तरी उलटली असेल, गुडघे गेलेत, तोंड मात्र नवंकोरं आहे. मी म्हटलं, मला मासा येतो. त्यांनी वर न बघता सुरी सरकवली. मी बांगडा उघडला, दुसरा उघडला. तेव्हा कुठं त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "हात बरा आहे. तोंड कसं आहे?" मी म्हटलं, "वाईट." म्हणाल्या, "मग जमेल. ती पेटी संपव, मी येते." आणि त्या लघवीला गेल्या. मी सगळी पेटी साफ केली आणि तुझ्या बायकोनं आयुष्यभर जे केलं तेच केलं, मासे स्वच्छ पाण्यानं धुतले. नळ होता बाजूला, खळखळून धुतले, एकेक मासा चांदीसारखा. मला वाटलं, बाई खूश होतील. त्या परत आल्या आणि अशा ओरडल्या की पेलिकन उडाले. "अगं ए तळ्यातल्या बये! समुद्राच्या माशाला गोड्या पाण्यानं आंघोळ घातलीस? सुजून मऊ पडेल तो आता! मेलेल्याला काय बाप्तिस्मा देत होतीस?" सगळा धक्का हसला. मला कुठं माहीत? आपण घराच्या फळीवर बसायचो, मासा खाली तळ्यात बुचकळायचो, झालं. इथं बादलीला दोर बांधून धक्क्याखालून समुद्राचं पाणी ओढायचं आणि त्यातच धुवायचं. मासा ज्या पाण्यातून आला तेच पाणी त्याला शेवटपर्यंत लागतं. मला वाटलं, हाकलतील. त्यांनी ते सगळे बांगडे दुपारच्या आत कढईवाल्यांना विकायला लावले, आणि मला म्हणाल्या, "उद्या बादली घेऊन ये. आणि ते गोडं पाणी स्वतःच्या डोळ्यांसाठी ठेव." तेव्हापासून धक्क्यावर माझं नाव पडलं, गोड्या पाण्याची. अजून तेच चालतं. "गोड्या पाण्याची, लेप मासा आहे का गं ताजा?" मी म्हणते, "तुझ्या तोंडापेक्षा ताजा आहे."

एका रविवारी मी दोमितिलाबाईंना आपल्यासारखा नारळातला मासा करून नेला. त्यांच्याकडे मासा कच्चाच लिंबात मुरवतात, नारळ म्हटलं की त्यांना मिठाई आठवते. एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हे जेवण आहे की खोकल्याचं औषध?" मग भांडं स्वतःकडे ओढलं आणि परत दिलं नाही. त्यांची मुलगी बँकेत आहे, तिला माशाचा वास सहन होत नाही. त्या दिवशी खाता खाता त्यांनी मला विचारलं, "तुझं घर कुठाय?" मी म्हटलं, पाण्यावर. त्यांना वाटलं, मी होडीत राहायची.

मग मला सगळं सांगावं लागलं. नदीनं वाट बदलली, गाळ आणला, घराखाली पाण्याऐवजी लव्हाळं उगवलं, त्यात साप आले. लोक निघाले. आणि आपल्याकडे लोक जातात कसे, ते त्यांना सांगताना मलाच स्वप्न सांगतेय असं वाटत होतं. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर अख्खं घर ठेवायचं, छप्पर, भिंती, देवाचं चित्र, कोंबड्या, आणि तळ्यावरून न्यायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, घरच पाण्यावर चालत निघालंय. तुझी बहीण गेली तेव्हा तिच्या दारात पडदा तसाच हलत होता. ज्यानं घर नेलं तो गेला, त्याच्यासाठी लोक रडायचे. घर न नेता गेला, त्याच्यासाठी कुणी रडायचं नाही. तो येणार. म्हणूनच मी निघाले तेव्हा कुणी रडलं नाही, तू तर जाळ्याची गाठ मारत बसला होतास. दोमितिलाबाई म्हणाल्या, "म्हणजे तुझा नवरा घरात नाही राहत, तुझ्या वचनात राहतो." मला राग आला. मी म्हटलं, त्याला वाटतं नदी परत फिरेल. तर म्हणाल्या, "हो का? नदीनं त्याला पत्र टाकलं वाटतं."

एउदो, आता स्वप्नाचं ऐक. मला स्वप्नांचा कंटाळा आहे, तुला माहीत आहे, सकाळी कुणी स्वप्न सांगायला लागलं की मी चूल फुंकायला उठायची. पण इथं आल्यापासून एकच पडत होतं. पांढऱ्या समुद्रावरून दोन होड्या येतात, वर आपलं घर, आणि दारात तू पाय सोडून बसलेला. मी धक्क्यावर उभी असते. घर येतं, येतं, इतकं जवळ येतं की मला तुझी पायाची बोटं दिसतात, आणि जाग येते. कधीच टेकलं नाही. मी उठून तुझ्यावरच चिडायची, जरा जोरात वल्हव की!

जूनच्या शेवटी इथं सान पेद्रोचा सण असतो. कोळ्यांचा संत आहे, त्याची मूर्ती होडीत घालून समुद्रात फिरवतात, मागं फुलांनी सजवलेल्या होड्या, बँड, फटाके, सगळं. ओट्यावरच्या बायका एका होडीत बसतात. दोमितिलाबाईंनी मला दंडाला धरून त्यात बसवलं. मी म्हटलं, मी ओट्याची नाही, मी नुसती कामाला आहे. म्हणाल्या, "गप बस आणि फुलं धर." धक्का सुटला. धुक्यात संत गेला, बँड गेला, नुसता वाजंत्रीचा आवाज राहिला, कुठून येतोय कळेना. आणि खाली पाणी हललं. इतक्या काळानंतर माझ्या बुडाखाली पाणी हललं, एउदो. मला एवढंच आठवतं की मी झेंडूसारखी पिवळी फुलं मांडीवर धरली होती. मग मी झोपले. सगळा गाव गातोय, फटाके उडतायत, आणि मी बसल्या जागी तान्ह्या पोरासारखी झोपले. स्वप्न आलं. घर आलं. या खेपेला टेकलं. लाकूड सिमेंटला लागल्याचा आवाज मी ऐकला. तू उतरला नाहीस. तू दारात बसूनच माझ्याकडे बघत होतास, आणि मी तुला म्हटलं, बादली आण, समुद्राच्या पाण्यानं धू. बस, इतकंच. जागी झाले तर सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. एक म्हणाली, "संत जागा आहे आणि ही घोरतेय." दोमितिलाबाई हसल्या नाहीत. माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझे गुडघे संपले. ओटा तुझ्या नावानं करते, सगळ्यांना सांगितलंय. नको असेल तर आत्ता सांग, होडी फिरायच्या आत." होडी फिरेपर्यंत मी पाण्याकडे बघत होते. तोंड उघडलं होतं मी, खोटं कशाला बोलू. पण नको हा शब्द आला नाही. मग मी मांडीवरची फुलं पाण्यात टाकली.

तेच सांगायला हे लिहिलं. मी येत नाही, एउदो. डिसेंबरच्या आपल्या सणातल्या ढोलांना नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नदी फिरली तरी नाही. मला तू नकोसा झालास असं समजू नकोस, आणि समजलास तर मूर्ख आहेस. पण मी तिथं घर उभं ठेवलंय म्हणून तू तिथं बसून राहिला आहेस, सापांत, एकटा, माझ्या नावानं, आणि हे मला आता इथं झोपू देत नाही. तेव्हा घर उतरव. अख्खं उचलायला आता माणसं पुरायची नाहीत, म्हणून आधी छप्पर काढ, मग भिंती, खालच्या फळ्या सगळ्यात शेवटी, म्हणजे उभं राहायला जागा राहील. खांब राहू दे, ते कुणालाच निघत नाहीत. अलिरिओ हाताखाली येईल, मी त्याच्याकडून तसं वदवून घेतलंय. दोन होड्या बांध आणि बहिणीकडे ने, तिच्या अंगणात टणक जमीन आहे. मग तिथं राहा, नाहीतर इथं ये. आलास तर पहाटे पेट्या उचलायच्या आहेत आणि पहिले दोन महिने तुलाही उलटी येईल. पण 'बघू' म्हणू नकोस. तुझ्या 'बघू'वर मी संसार केलाय, आता नाही. आणि जे उरलेत त्या लोकांना रडू दे रे, या खेपेला हसून घालवू नकोस, त्यांचा हक्क आहे. फळ्या काढायच्या आदल्या रात्री मात्र त्यांच्यावर झोप, वर विजा असतील, भिंती नसल्यामुळे चहूकडून दिसतील. एकदा माझ्या जागेवरही झोप.

तुझीच, आणि आता ओट्याची,
एर्मिला