यादीत न गेलेली दोन नावं

मिकोलाइव,
११ ऑक्टोबर २०२१

प्रिय अर्काशा,

तुझं पत्र मागच्या महिन्यात पोचलं. पाकीट कुठंतरी भिजून वाळलेलं होतं, पण अक्षर लागलं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता खिडकीतून खाडीपलीकडचे दिवे वेगवेगळे दिसतात, असं लिहिलंस. वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिने उतरते आणि चढते. यंदा नदीत बिचकी मासे भरपूर आहेत. शेजारचा पान्को आठवड्यातून दोनदा डबाभर मासळी आणून देतो आणि वर ऐकवतो, की लिदिया सेम्योनोव्ना, तुम्ही तळायला घेतलंत की धूर पुलापर्यंत जातो.

आपला कारखाना तसाच आहे, म्हणजे बंद. मोठ्या क्रेन अजून उभ्या आहेत. फाटकातला पहारेकरी नवा आहे. मी तिथं तेवीस वर्षं वेल्डिंग केलं असं त्याला सांगितलं, तर म्हणाला, "आजी, इथं काय बांधायचे?" मी म्हटलं, पाण्यावर तरंगणारे विमानतळ. त्याला ते खरं वाटलं नाही.

तुझं विमानवाहू जहाज दुरुस्तीला पडून आहे आणि ते पुन्हा समुद्रात जाईल की नाही याची तुला शंका वाटते, असं तू लिहिलंस. मी दारिनाला विचारलं. तुझी मुलगी आता छोट्या गस्ती नौकांची रेखाटनं करते, हे मी तुला मागे कळवलं होतं. ती म्हणाली, "आत्या, किनाऱ्यावरच्या एका ट्रकवरून क्षेपणास्त्र सुटतं आणि दोनशे किलोमीटरवरचं जहाज फोडतं. एवढं मोठं जहाज लपवणार कुठं? त्याला राखायला चारी बाजूंना पाच जहाजं आणि खाली एक पाणबुडी. हा राजा म्हणायचा की नवरदेव?" मी हसले. मग तीच म्हणाली, की तरीही खोल समुद्रात ते लागतंच. ज्याच्याजवळ ते नाही, त्याला आपल्या किनाऱ्याच्या नजरेबाहेर जाता येत नाही.

हे तर तुझंच बोलणं. मी जहाजाच्या नाकाकडच्या, विमानं जिथून उडी घेतात त्या चढावर काम करत होते, तेव्हा तू मला दुपारच्या सुट्टीत डेकवर नेऊन समजावलं होतंस. किनाऱ्यावरून उडालेल्या विमानाला तेल संपायच्या आत किनाऱ्यावर परतावं लागतं. म्हणून जमिनीचा एक तुकडाच सोबत न्यायचा, की कुठल्याही समुद्रात डोक्यावरचं आभाळ आपलं. तू तेव्हा डेकवर उतरणाऱ्या विमानांना अडवणाऱ्या तारांचा अधिकारी होतास. वैमानिक उतरताना इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोर लावतो, कारण तार चुकली तर त्याला लगेच पुन्हा उडावं लागतं, हेही तूच सांगितलंस. मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. त्या चढाची तिसरी आणि चौथी पट्टी माझ्या हातची आहे. पुढे ते जहाज भूमध्य समुद्रात गेलं आणि टीव्हीवर दाखवलं, तेव्हा सगळे बातमी ऐकत होते आणि मी त्याचं नाक बघत होते.

तुझ्या पत्रातली शेवटून तिसरी ओळ मी अनेकदा वाचली. तू लिहिलंस, "सगळं विसरलो, पण नेल्या त्या दिवशी आली नाही, हे नाही विसरलो. ते मी तिला माफ केलेलं नाही." तीस वर्षांत तू तुझ्या तेव्हाच्या बायकोविषयी हे मला कधी लिहिलं नव्हतंस. म्हणून आता मला लिहावं लागतंय.

एक्क्याण्णव सालचा नोव्हेंबर संपत होता. वेगळं व्हायचं की नाही याचं मतदान तोंडावर होतं, देशाचं काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं आणि जहाज कोणाचं हे तर त्याहून नाही. मित्रोफानिच मुकादम नव्या जहाजाच्या डेकवर आला आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, ऑफिसात फोन आहे, सेवास्तोपोलहून. तू घाईत होतास. तू काय बोललास ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"ताई, आम्ही निघतोय. उत्तरेला. परत इथं येणं नाही. तिकडे घरं फक्त यादीतल्या कुटुंबांना मिळणार आहेत. नेल्याला सांग, दारिनाला घेऊन उद्या दुपारी दोनच्या आत इथं ये, तोवर यादी उघडी आहे. आली नाही तर मी समजेन, तिला यायचं नाही."

मी म्हटलं, सांगते.

मग मी परत कामावर गेले आणि पाळी संपेपर्यंत काम केलं. घरी जाताना नेल्याकडे गेले, नेहमीसारखी. ती दारिनाला आंघोळ घालत होती. पोर तीन वर्षांची, डोळ्यांत साबण गेला म्हणून रडत होती. नेल्याने मला बोर्श वाढलं आणि विचारलं, "त्याचा काही निरोप?" हे ती रोज विचारायची. मी म्हटलं, नाही.

एवढंच झालं. पुढचं तुला माहीत आहे, आणि तिलाही, पण दोघांनाही अर्धंच.

मी हे का केलं, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस असं देत आले, की आईसाठी. तू, सून आणि नात, तिघंही गेलात तर आई खचेल. पण आई त्या वर्षी धडधाकट होती, भाजीच्या मळ्यात माझ्यापेक्षा जास्त खणायची. खरं कारण वेगळं आहे. बायको आणि मुलगी इकडे राहिली, तर तू जहाज सोडशील असं मला वाटलं. काही अधिकारी मागे राहिलेच की. मी तुझी वाट अडवली असं मला वाटत होतं. तू आला नाहीस.

आणि त्याहून वाईट गोष्ट जानेवारीत केली. तू मला लिहिलंस, "तिला विचार, का नाही आली." मी तिला विचारलं नाही. तुला कळवलं, ती म्हणते, मला पोरीला बर्फात मारायचं नाही. अर्काशा, हे वाक्य मी बनवलं. तुला खरं वाटावं म्हणून ते तिच्या बोलण्याच्या ढंगात बनवलं आणि दोनदा खोडून लिहिलं. त्यानंतर तू तिला ती चार ओळींची चिठ्ठी पाठवलीस, "तू ठरवलंस, बरं झालं." तिने ती माझ्यासमोर वाचली आणि म्हणाली, "मी काय ठरवलं?" मी तेव्हाही सांगू शकले असते.

त्याच फेब्रुवारीत बांधणीच्या उतारावरचं पुढचं जहाज, तुझ्या जहाजाहून मोठं, अर्धं बांधून झालेलं, कापायला घेतलं. ज्यांनी जोडलं त्यांनाच कापायला लावलं. आमच्यातले दोघे नोकरी सोडून गेले. एक म्हातारा जोडारी लोखंडाला हात लावून रडला. मी रडले नाही. मुखवटा लावला, गॅस पेटवला आणि कापत सुटले. मित्रोफानिच म्हणाला, "लिदा, जरा दमानं, शर्यत आहे का?" मला तेव्हा वाटत होतं, ही जहाजंच नसतील तर कोणाचीच माणसं कुठं जाणार नाहीत.

मागच्या रविवारी मी नेल्याकडे गेले. तिचा दुसरा नवरा रोमान गेल्याला वर्ष झालं. तो भला माणूस होता, त्याने दारिनाला बापाची उणीव भासू दिली नाही, हे तुला कळायला हवं. नेल्या मुरंब्यासाठी फळं चिरत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगणं झालं नसतं.

ती चिरतच राहिली. मग तिने विचारलं, "दोन वाजेपर्यंत म्हणाला होता?"

"हो."

"सकाळची बस मिळाली असती."

तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मी गेले असते की नाही, मला माहीत नाही. इथं माझी नोकरी होती, माझे आईवडील होते. कदाचित नसतेच गेले. पण ते मी ठरवलं असतं, लिदा. तू माझा होकार घेतलास आणि नकारही घेतलास."

ती आरडाओरडा करेल म्हणून मी तयारीने गेले होते. तिने केला नाही. दार उघडून दिलं आणि मी निघताना एवढंच म्हणाली, की त्याला लिही, पण माझ्या वतीने एक शब्दही लिहू नकोस. वर लिहिलं ते तिच्या वतीने नाही. मला जे बोलली ते मी तुला सांगितलं. ते लपवलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं.

दारिनाला नेल्याने त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. कोट काढला नाही. म्हणाली, "आत्या, मला लहानपणी तुम्ही सांगायचात, बाबांना जहाज आमच्यापेक्षा प्यारं होतं." मी म्हटलं, सांगायचे. "मी त्यांना कधी एक ओळ लिहिली नाही, ते त्यामुळे." मी म्हटलं, मला माहीत आहे. तिने तुझा पत्ता मागितला. मी तुझं पाकीटच तिच्या हातात दिलं. तिने पत्ता टिपून घेतला, पाकीट टेबलावर ठेवलं आणि गेली. त्यानंतर ती आलेली नाही. फोन उचलत नाही. तिच्यावर माझा राग नाही.

तिचं पत्र माझ्या आधी पोचलं तर तू गोंधळशील, म्हणून मी हे उद्या सकाळी टपालात टाकते आहे. दोन्ही एकदम आली तर तिचं आधी वाच. नेल्याला माफ करायचं काही नव्हतंच, एवढं ध्यानात घे, आणि जमलं तर हे तिला तूच सांग. मला माफ कर असं मी लिहीत नाही. मागण्याचा माझा हक्क कधीचा संपला. उत्तर द्यायला एकाच पत्राची ताकद असेल, तर ते दारिनाला दे.

खाली "तुझी ताई" लिहायला हात गेला होता. ते लिहायचं की नाही, हे तरी यावेळी तू ठरव.

लिदिया