यल्लाप्पाचे उत्तर बरोबर होते

मी, कृष्णात देवाप्पा माळगे, वय वर्षे ६४, धर्म बौद्ध, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार अनगोळ, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वहस्ते, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे ते वयामुळे. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सुलाबाई हिची. तिच्या पश्चात मुलगी शालू हिची. "पोरीला घर कशाला?" असे पुतण्या परशराम म्हणाला होता. त्याला काही नाही.

२. ड्रॉइंगची अवजारे निपाणीच्या एखाद्या वसतिगृहाला द्यावीत. माझी आई तिथे तंबाखूच्या वखारीत राबली, म्हणून मी पेन्सिल धरली.

३. निळी हिशेबवही काकतीचे यल्लाप्पा रवळू हुंदरे यांना द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

नौदलाच्या दिल्लीच्या कचेरीत आम्ही युद्धनौकांचे पहिले आराखडे करायचो. लांबी जराशी बदलली तरी जहाज किती बुडेल, कलले तर सावरेल का, हे सारे पुन्हा हाताने मांडायला तीन आठवडे जात. १९७६ साली माझ्या हाताखालच्या यल्लाप्पाने ते काम संगणकावर एका दुपारी करून दाखवले. त्याच्या आणि माझ्या उत्तरांत फरक आला.

"अण्णा, वजनाचा तक्ता एकदा बघा की," तो म्हणाला.

मी बघितला नाही. 'यंत्राचा भरवसा धरू नये' असा शेरा मारला. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीपुढे त्याचे कोण ऐकणार? त्याचा प्रोग्राम कपाटात गेला, त्याला भांडारात बसवले. सहा महिन्यांनी तो नोकरी सोडून गावी परतला.

निवृत्तीच्या आठवड्यात टेबल आवरताना मी निळ्या हिशेबवहीतला तो तक्ता तपासला. एका ओळीत ८.६ च्या जागी मीच ६.८ लिहिले होते. तोवर कचेरीत तसाच प्रोग्राम दुसऱ्याच्या नावाने चालू झाला होता. मी वही ट्रंकेत घातली. यल्लाप्पा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, इथून हाकेच्या अंतरावर. सहा वर्षे मी गेलो नाही.

गेल्या रविवारी त्याला बोलावून याचा कच्चा मजकूर वाचून दाखवला.

"आता काय करू ह्या वहीचं, अण्णा? दिल्लीत काय चोरलंस रं, म्हणून आई इचारत ऱ्हायली. तशीच गेली ती."

चहा न घेता उठला.

४. शालूने सोबत जोडलेले माझ्या सहीचे कबुलीपत्र दिल्लीच्या कचेरीला पाठवावे आणि काकतीत त्याच्या भावकीसमोर मोठ्याने वाचावे. हे मीच करायला हवे, हे कळते. परवा काकतीच्या बसपर्यंत गेलो, आणि परत आलो.

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार: ज्योतिबा मष्णू सांबरेकर
साक्षीदार: गुंडू सिद्राम कोलकार

(सही) कृ. दे. माळगे
अनगोळ, बेळगाव
१२ नोव्हेंबर १९८७