ह्यांच्या फाईलची पहिली ओळ

दादा, तुम्ही कॉम्प्युटर कधी पाहिला नाही, पण हे सांगायला दुसरं कोणी नाही. तुमचे जावई गेले. वडिवळ्याच्या घरात मी एकटीच असते. लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर हे संध्याकाळी काहीतरी टाईप करत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "झालं की दाखवीन तुला." दाखवायचं राहून गेलं. नंतर मी फाईल उघडली, तर मराठीचं एक अक्षर नाही. डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, पुढे एक गोल चिन्ह, पुन्हा ए, पुन्हा चिन्ह, पानंच्या पानं.

वरच्या इंग्रजी ओळी वाचून दाखवल्या, तर लेक फोनवर म्हणाली, "बाबांनी कुठल्यातरी वेबपेजचा वरचा भाग चिकटवलाय. पहिल्या ओळीत लिहिलंय की ही इंग्रजी पद्धतीची फाईल आहे. फाईल उघडणारा प्रोग्रॅम, एडिटर, ते खरं मानतो. ती ओळ पुसून टाक, आई."

"ह्यांचं लिहिलेलं मी पुसणार नाही."

"अगं, लिहिलेलं कुठंय? चिकटवलंय!"

"चिकटवलं तरी ह्यांनीच ना?"

"मग बस नियम बदलत," ती हसली.

बसले. फाईल ओळखायचे एडिटरचे नियम आपल्याला बदलता येतात. नियम म्हणजे अक्षरांचे साचे, त्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मदतीची पानं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. तो ए आणि ते चिन्ह ही कॉम्प्युटरच्या लेखी आपल्याच मराठी अक्षरांची सुरुवात, हे कळलं तेव्हा ती जोडी शोधणारा साचा लिहिला. जोडी दिसली की मराठी समज, एवढंच. तरी फाईल तशीच. कितीतरी दिवस मी साच्यातच चूक शोधत होते.

मग एकदा पिठी चाळताना तुम्ही आठवलात. देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होतात, तिथून तुम्ही टाकाऊ डबे घरी आणायचात. एकावर इंग्रजीत दुधाची पावडर असं छापलेलं, आत आईने तांदळाची पिठी भरलेली. मला नुकतं इंग्रजी वाचता यायला लागलं होतं. पाहुणे आलेत, दूध संपलंय, आणि मी ऐटीत त्यातलेच दोन चमचे चहात घालते. चहाची खीर होते. पाहुणे एक घोट घेऊन कप खाली ठेवतात. तुम्ही खवळता, "वाचाया येतंय म्हनून आत बघायचं न्हाई व्हय? आमी डेपोत नुसती खोक्यावरची चिठ्ठी बघून माल दिला तर घरी बसवतील. आदी झाकण काढ, मंग चिठ्ठी वाच!"

मी पिठी तशीच ठेवून उठले. साचा बरोबर होता, पण नियमांच्या यादीत त्याच्या वर पहिली ओळ वाचणारा नियम होता. तो जुळला की एडिटर पुढे बघतच नव्हता. माझा नियम उचलून त्याच्या वर ठेवला. फाईल उघडली, आणि ह्यांची मराठी दिसली. मला तिथंच रडू आलं.

सगळं वाचलं, दादा. भाताची रोपं कधी टाकली, कुठल्या खाचरात पाणी तुंबतं, कुठला बांध दर वर्षी फुटतो. मी कुठं नाही. शेवटपर्यंत शोधलं.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहिते. वाचता येत नव्हतं तोवर मी ती फाईल रोज उघडायचे. तेव्हा वाटायचं, ह्यांचं मला काहीतरी सांगायचं राहिलंय. आता नाही उघडत.