मार्नीच्या अर्जातली दुसरी ओळ

मार्नी,

शेजारच्या वॉल्टबरोबर केस कापायला चाललोय. काठी घेतलीय, ओरडू नकोस. ही चिठ्ठी पाचच्या आत वाचत असशील, तर माझ्यापायी पुन्हा नाटकाची तालीम अर्धी टाकून आलीयस. आल्या पावली परत जा. रात्रीच्या जेवणाचा मीटलोफ फ्रिजमध्ये आहे.

टेबलावर तुझ्या कॉलेजच्या अर्जाचा कच्चा कागद दिसला. शाळेबाहेरच्या उपक्रमांसाठी दहा ओळी, आणि तू भरलीस एकच: ‘नाटक, तीन आठवडे.’ बाजूला खरडलंयस, ‘तहान लागल्यावर विहीर!’

गधडे, दुसरी ओळ मी भरलीय. डाव्या हाताचं अक्षर आहे, गोड मानून घे: ‘अर्धांगवायू झालेल्या आजोबांना पुन्हा बोलायला शिकवलं. रोज दुपारी, तीन वर्षं.’

कॉलेजवाल्यांना खात्री करायची असेल, तर खुशाल फोन करू देत. मीच उचलेन, आणि बोलेन.

आजोबा