कुंडीतल्या दुर्वा

गुरुवार, संध्याकाळ

आई गेल्यावर माहेरी, अंजूरच्या घराच्या अंगणात गोदामासाठी भराव पडला. त्याआधी तिथल्या दुर्वांचं एक ढेकूळ आणून मी गॅलरीतल्या कुंडीत लावलं होतं. गणपतीला वाहायला कोवळे शेंडे खुडत राहिले, म्हणून त्यांना तुरा कधी आलाच नाही. यंदा कुंडी दाट झाली आणि शंका आली. या आईच्याच दुर्वा, की तशाच दिसणाऱ्या रान नाचणीच्या गवतानं त्यांना गिळलं?

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "वन्सं, कवली असताना सगली सारखीच दिसतान. खुडू नका, फुलू द्या. दुर्वांच्या तुऱ्याची बोटं एकाच टोकातून निंगतान. नाचणीचं एक बोट खाली सुटलेलं असतं. कॉन्व्हेंटात ह्या न्हाय शिकवला?"

नाही शिकवलं. सिस्टर पाकळ्या मोजायला लावत, पण गवतालाही फूल येतं हे कुणाच्या मनातही आलं नाही.

तीन आठवडे देवाला नुसती जास्वंद वाहिली. आज चष्मा लावून बसले. पहिल्या तुऱ्याची बोटं जाड, एक खाली. दुसराही तसाच. तिसऱ्यातही खाली सुटलेलं ते बोट दिसलं आणि रडूच आलं. भरावाखाली आता काय शोधणार?

मग कठड्याकडे लोंबणारा एक बारीक तुरा दिसला. चार नाजूक बोटं, चारही एकाच टोकातून. पुन्हा पाहिलं. हो, चारही.

नाचणी हळूहळू उपटली. उद्या एक मुळं धरलेली कांडी वहिनीसाठी वेगळी लावते. अंगण तिचंही गेलंय.