टाकीमागच्या बागेचा निषेध

ती. वन्संना सादर नमस्कार.

तुमचा खोकला आता बरा असावा अशी आशा आहे. नसला तर आज तरी मला फारसं वाईट वाटणार नाही. "पाण्याच्या टाकीमागं छान बाग आहे, बसत जा तिथे, मन मोकळं होईल," असं तुम्हीच म्हणाला होतात ना? ती बाग शेवटची कधी पाहिलीत? (तुमचं लग्न ठरत होतं तेव्हा, असा माझा अंदाज.)

लेकीला 'चष्म्याची काडी बसवून आणते' असं सांगून मंगळवारी मी एकटीच निघाले. खोटं बोलावं लागलं, कारण त्या घरात मला एकटीला सोडतंय कोण? न्हाणीघराचं दार लावलं तरी बाहेरून "आई, बरी आहेस ना?" सुरू. जिच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने इस्पितळातला अख्खा वॉर्ड चिडीचूप व्हायचा, त्या मेट्रनबाईला आता जिना उतरायला सोबत लागते म्हणे!

असो. फाटकाचं एक दार तारेने करकचून बांधलेलं, दुसरं गंजून अर्धवट उघडं. अंग चोरून आत शिरले, तर समोर पाटी: 'गवतावर चालू नये'. वन्सं, गवत माझ्या हनुवटीला लागत होतं, आणि गवत सोडून पाय ठेवायला तिथे दुसरं काही नव्हतं! तळं म्हणून जे डबकं आहे, त्यात एक बदक राहतं. मी त्याच्या बापाची जमीन लाटायला आलेय अशा थाटात मान लांब करून ते अंगावर धावून आलं. मी बाकावर चढले. बाक बसला. (मी उभीच होते, बाक बसला.) डावा बूट चिखलात गेला तो गेलाच. शेवटी एका आडव्या पडलेल्या खोडावर पाय वर घेऊन बसले, आणि बदक खाली पहाऱ्याला. मोबाईलला रेंज नाही. कुणी हाक मारत नाही, गोळी घेतलीस का विचारत नाही, नुसती पानं सळसळतायत. केवढी ही गैरसोय! वेळ जाईना म्हणून डोक्यावरच्या फांदीची तुती तोंडात टाकली, तर मेली इतकी गोड की हात आवरेना.

बदक कंटाळून गेल्यावर बाहेर आले, तर फाटकाशी खुर्ची टाकून राखणदार.

"बाई, तुम्ही आत गेला होतात?" मी स्मशानातून उठून आल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता.

"बाग आहे ना ही?"

"आहे की. पण आत कुणी जात नाही."

मग हा राखतो कुणापासून?

घरी लेकीने दार उघडलं आणि बघतच राहिली. "आई, एक बूट कुठाय? आणि चष्मेवाल्याने जिभेला काय केलं गं?" आरशात पाहिलं, तर जीभ जांभळीगर्द! लगेच लेक-जावयाची बैठक बसली आणि ठरलं, की आईने यापुढे एकटीने बाहेर पडायचं नाही. "आम्हाला तुमची काळजी वाटते," जावई मोठ्याने म्हणाले. (मी बहिरी कधी झाले?) मला विचारलंसुद्धा नाही, वन्सं. मी तिथेच बसले होते.

तेव्हा असल्या रानटी, बेवारस जागेचा सल्ला पुन्हा कुणाला देऊ नका.

तुमची,
संतापलेली भावजय

ता. क. खरंच कुणाला देऊ नका. तिथे गर्दी व्हायला नको.

आणखी ता. क. तुमच्या यजमानांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पडून असतील तर काढून ठेवा.

अगदी शेवटचं. तुमचा गुडघा धरलाय आणि दर मंगळवारी तेल चोळायला मी तुमच्याकडे येणार, असं लेकीला सांगितलंय. जावई दारापर्यंत सोडतील. मला पुढच्या दाराने आत घ्यायचं, मागच्या दाराने बाहेर सोडायचं, आणि लेक भेटलीच तर लंगडायचं. उजव्या पायाने, वन्सं. कृपा करून पाय बदलू नका.